अण्णा पुराणिकांचं सचैल मतदान

पौषातला रविवार, उत्तरायण होऊन आठवडा झालेला. वेळ संध्याकाळी पाच. जागा, सोसायटीचं पार्किंग. हजर: चेअरमन प्रवीणभाई, जयश्रीबेन, शिर्के, सेक्रेटरी म्हणून मी, आणि अण्णा पुराणिक. अण्णा आले तेव्हा कोरडे, गेले तेव्हा ओले.

सभासद ओला होता की कोरडा, हे इतिवृत्तात लिहायची पद्धत नाही. मीही पूर्वी लिहीत नसे. पण अण्णा कमिटीवर आल्यापासून त्या एका शब्दावरून सभेत काय झालं असेल ते मला कळतं. अण्णा कोरडे म्हणजे रंगकाम, लिफ्ट, पाण्याची टाकी असले विषय. अण्णा ओले म्हणजे कुणाला तरी काहीतरी करू द्यायचं ठरलं, आणि ते अण्णांच्या मते पाप होतं.

अण्णांची रीत अशी. एखादी गोष्ट त्यांना पाप वाटते. ती करायचा दुसऱ्याला हक्क आहे, म्हणून ते त्याच्या बाजूने हात वर करतात. आणि मग उठून, पार्किंगमध्ये गाड्या धुवायचा जो नळ आहे त्याच्याखाली, अंगावरच्या धोतर-सदऱ्यासकट आंघोळ करतात. शास्त्रात याला सचैल स्नान म्हणतात. सोसायटीत नवीन आलेले लोक याला वेड म्हणतात. वर्षभरात तेही सुधारतात आणि सभेच्या नोटिशीखाली 'पाणी जाण्यापूर्वी' असं लिहायची मला आठवण करू लागतात.

"पण आंघोळ तुम्ही का करायची? पाप करणारा करील," असं मी त्यांना एकदा विचारलं होतं.

"करणारा, करवणारा आणि मान डोलावणारा, तिघांच्याही वाट्याला येतं ते," अण्णा म्हणाले. "मी नुसती मान नाही, हात वर केलाय."

अण्णांचं पूर्ण नाव दिनकर पुराणिक. वय ऐंशीच्या थोडं अलीकडे. आजोबा संस्थानच्या काळात बडोद्याला शास्त्री होते, वडील संस्कृतचे मास्तर. अण्णा मात्र जकात नाक्यावर चिकटले, करजणकडून येणाऱ्या रस्त्यावर. गाडी थांबवायची, पेटी उघडायची, आत काय आहे ते बघायचं. या नोकरीने त्यांच्या विचारांवर जो परिणाम केला तो कुठल्या ग्रंथाने केला नसता.

"सेक्रेटरीबाई, आयुष्यभर लोकांच्या पेट्या उघडल्या मी. काय निघालं? कपडे! लग्नाला चाललेल्या बाईच्या साडीची घडी मोडायची, आत साडीच आहे याची खात्री करायची आणि परत द्यायची. आता मला कुणाचं दार उघडायला सांगू नका."

जकात रद्द झाली त्या दिवशी अण्णा रिक्षा करून आपल्या जुन्या नाक्यावर गेले आणि बंद खोलीसमोर नारळ फोडून आले. तरुणपणी ते एका पक्षातही होते. सरकारने सैन्य, पोलीस आणि कोर्ट तेवढं सांभाळावं आणि बाकी माणसांवर सोडावं, असं त्या पक्षाचं म्हणणं. पक्ष केव्हाच मिटला. बडोद्यात अण्णा एकटेच अजून त्याची शिस्त पाळतात.

कमिटीत कोणताही नवा नियम मांडला की अण्णा तर्जनी वर करून एकच शब्द उच्चारतात: "उंबरा!" म्हणजे सोसायटीचा अधिकार दाराच्या उंबऱ्यापर्यंत, आत नाही. कुत्रा पाळावा का? उंबरा. दहानंतर पाहुणे चालतील का? उंबरा. जयश्रीबेननी एकदा बाल्कनीत कपडे वाळत घालण्याबद्दल नियम आणला तेव्हा बाल्कनी उंबऱ्याच्या आत की बाहेर, यावर चहाच्या दोन फेऱ्या झाल्या.

दुसऱ्याला न विचारता सल्ला देणं हेही त्यांच्या मते अतिक्रमण. समोर येऊन उभे राहतात आणि विचारतात, "सल्ला हवाय?" नको म्हटलं की "ठीक" म्हणून जातात, रागावत नाहीत. मी एकदा घाईत होते म्हणून नको म्हटलं. ऑफिसला पोचायच्या आत अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या बोगद्यात, मला कळलं, की माझ्या स्कूटरच्या मागच्या चाकात हवाच नव्हती.

गेटसमोर आम्लेटची लारी, म्हणजे हातगाडी, उभी राहू द्यावी की नाही, हा विषय आला तेव्हा अण्णांनी लारीच्या बाजूने जोरदार भाषण केलं, हात वर केला, आणि तीन दिवस उपास धरला. कारण अंड्याला नुसती आंघोळ पुरत नाही म्हणे. लारीवाला इतका घाबरला, की तीन दिवस त्यानेही नुसता चहाच विकला.

आता मूळ विषय.

कोर्टाने ते कलम काढलं, दोन पुरुषांनी आपखुशीने एकत्र राहणं हा गुन्हा नाही असं सांगितलं, त्या दिवशी अण्णांनी सोसायटीत पेढे वाटले होते. आमच्यातले शिर्के सिक्युरिटीच्या धंद्यात आहेत. त्यांचे पणजोबा संस्थानच्या पागेत घोडेस्वार होते, आणि अजूनही त्यांना सगळी सोसायटी रांगेत उभी असलेली आवडते. पेढा तोंडात घालताना ते थबकले.

"अण्णा, म्हणजे हे बरोबर आहे असं तुमचं मत?"

"छे! घोर पाप."

"मग पेढे?"

"पेढे सरकार झोपायच्या खोलीतून बाहेर पडलं म्हणून. आत जे चाललंय त्याचा आनंद नाही." एवढं बोलून अण्णांनी रिकामा खोका माझ्या हातात दिला आणि नळाखाली जाऊन बसले. तेव्हा उकाडा होता, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

पौषातली गोष्ट वेगळी होती. अण्णांच्या समोरचा ब्लॉक विकायला निघाला होता आणि तो घ्यायला निखिल आणि भावेश असे दोघं आले. निखिल नागरवाड्यातला, आपल्या मराठी माणसांपैकी, शाळेत चित्रकला शिकवतो. भावेश करजणचा, अलकापुरीत मेडिकल स्टोअर चालवतो. दोघंही पस्तिशीच्या पुढचे. कमिटीच्या मंजुरीशिवाय व्यवहार होत नाही, म्हणून त्यांनी रीतसर अर्ज दिला. त्यात 'अर्जदारांचे परस्परांशी नाते' असा एक रकाना आहे. तिथे त्यांनी लिहिलं होतं: 'जोडीदार'.

मी त्यांना घरी बोलावून विचारलं, "हे असं लिहायलाच हवं होतं का? भाऊ लिहिलं असतं तर मुकाट्याने झालं असतं."

"बेन, भाऊ बनून थकलो आम्ही," भावेश म्हणाला. त्याचं मराठी निखिलकडून शिकलेलं आहे, पण चांगलं आहे. "एका सोसायटीत मावसभाऊ, दुसरीत मामेभाऊ. मग कुणी विचारलं, तुमची मावशी कशी आहे, की हा मामाची तब्येत सांगायचा."

"भाड्याचं घर असेपर्यंत चाललं," निखिल म्हणाला. "हे विकत घेतोय. स्वतःच्या घरात तरी खरं राहावं."

दोन सोसायट्यांनी त्यांना आधीच परत पाठवलं होतं. मालकाला दुसरं गिऱ्हाईक होतं, तो सोमवारपर्यंत थांबणार होता. म्हणून रविवारची सभा.

सभेत प्रवीणभाईंनी सुरुवातीलाच अण्णांपुढे हात जोडले. प्रवीणभाईंचं हार्डवेअरचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, पण 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न त्यांना गल्ल्यावर बसल्या बसल्या छळतो. कमिटीत मतं फुटलेली होती, हे त्यांना माहीत होतं. ते आणि शिर्के विरुद्ध, मी आणि जयश्रीबेन बाजूने. अण्णा वळले की काम झालं.

"अण्णा, तमे शास्त्री माणस. तुम्हीच सांगा, धर्मात हे चालतं?"

"नाही."

"पाप छे के नहीं?"

"पाप आहे."

प्रवीणभाई खुर्चीत मागे रेलले. स्कूटरींजवळ दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर निखिल आणि भावेश बसले होते. निखिल जमिनीवर पडलेल्या मांजाच्या तुकड्याकडे बघू लागला.

"किती मोठं?" शिर्क्यांनी विचारलं.

"सल्ला विचारताय?"

"हो."

"मग ऐका. याला प्रायश्चित्त सांगितलंय, सचैल स्नान."

"आणि?"

"आणि काही नाही. कपड्यांसकट आंघोळ. संपलं."

"एवढंच?" प्रवीणभाई पुढे सरकले.

"एवढंच. बैलगाडीत बाईशी सलगी केली तरी तेवढंच. दिवसाउजेडी केली तरी तेवढंच. सगळं एका ओळीत आहे."

जयश्रीबेननी पदर तोंडावर धरला. शिर्के "दिवसासुद्धा?" म्हणाले आणि एकदम गप्प झाले.

"लसूण मात्र जड आहे," अण्णा पुढे म्हणाले. "जाणूनबुजून खाल्लात तर एका आंघोळीने सुटका नाही. प्रवीणभाई, रविवारी सकाळी सेव-उसळ आणता ना तुम्ही?"

"एमां लसण तो..."

"असतो. भरपूर असतो. आम्ही तुम्हाला सोसायटीतून काढलं?"

प्रवीणभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पेनाचं टोपण तपासत होते.

"आ फॅमिली सोसायटी छे," ते शेवटी म्हणाले. "आधी हेच ठरवा, हा विषय आज घ्यायचा की नाही. मत घ्या."

अण्णांनी हात वर केला, विषय घेण्याच्या बाजूने. तिघं विरुद्ध दोघं. मी पुढचं वाचणार तोच अण्णा उठले आणि नळाकडे निघाले.

"अण्णा, अजून मूळ मत व्हायचंय! शेवटी एकदाच करा आंघोळ."

"पापाकडे पाऊल टाकलंय. ते धुतल्याशिवाय पुढचं टाकायचं नाही."

पौषातली संध्याकाळ, वरच्या टाकीचं पाणी. नळ सोडल्याबरोबर अण्णांचा श्वास आम्हाला इथपर्यंत ऐकू आला. ते ठिबकत परत आले. मी त्यांच्या खुर्चीवर वर्तमानपत्र घातलं होतं, त्यावर बसले आणि म्हणाले, "चालू द्या."

तेव्हा प्रवीणभाईंच्या डोक्यात जे आलं ते त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं. मतं जितकी जास्त, तितक्या आंघोळी. केव्हातरी हा म्हातारा हात जोडील. ते म्हणाले, "आता हे ठरवा की निर्णय कमिटीने करायचा की सगळ्या सभासदांची मोठी सभा बोलवायची."

मोठी सभा म्हणजे महिना गेला, म्हणजे ब्लॉक गेला. अण्णांनी हात वर केला, कमिटीच्या बाजूने. पुन्हा तीन विरुद्ध दोन. पुन्हा नळ.

या वेळी भावेश उठून माझ्याकडे आला. "बेन, तुमच्या घरी गीझर आहे?" माझा ब्लॉक तळमजल्यावरच आहे. तो बादली भरून घेऊन आला आणि अण्णांपुढे ठेवली. वाफ निघत होती.

"गरम पाणी आजाऱ्याला चालतं," अण्णा म्हणाले. त्यांचे दात वाजत होते. "मी आजारी नाही."

"काका, तुमचे ओठ निळे झालेत. मी मेडिकलवाला आहे, मला कळतं."

"ओठ माझे आहेत."

भावेश बादलीपाशी तसाच उभा राहिला. अण्णांनी मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं, मला वाटतं त्या दिवसात पहिल्यांदाच.

"तुला एक सांगू? विचारल्याशिवाय सांगत नसतो मी. ऐकायचंय?"

"बोला."

"तुमचं जे आहे ते माझ्या मते पाप आहे. उद्याही असेल. माझं मत बदलेल अशी आशा ठेवू नकोस."

"नाही ठेवत."

"आणि तुमच्या उंबऱ्याच्या आत माझं मत येणार नाही. त्याचीही भीती ठेवू नकोस."

शिर्क्यांना ते बघवेना. "अण्णा, तुम्ही तटस्थ राहा ना. मतच देऊ नका. पाप नाही, आंघोळ नाही, सगळेच सुखी."

अण्णा उभे राहिले. धोतरातून पाण्याची धार लागली होती, आणि तरीही ते भाषणाला उभे राहिल्यासारखे उभे राहिले.

"शिर्के, मी गप्प बसलो तर मतं दोन-दोन, आणि चेअरमनच्या जादा मताने या दोघांना तुम्ही हाकलणार. म्हणजे माझ्या गप्प बसण्याने जबरदस्ती होणार. पापाला प्रायश्चित्त आहे, मी सगळं शोधून बसलोय. जबरदस्तीला कुठेही सापडलं नाही. तिला किती आंघोळी करायच्या, सांगा मला. सापडलं तर मी तटस्थ राहतो."

जयश्रीबेन माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माधवीबेन, मूळ मत घ्या आता. हे आजारी पडतील."

मी ठराव वाचला. अण्णांचे दोन्ही हात काखेत घट्ट होते.

"अण्णा, हात."

"वर आहे असं समजा."

"समजून चालत नाही, नियम आहे."

त्यांनी हात वर केला. तो इतका थरथरत होता, की जयश्रीबेननी आपला हात वर ठेवूनच दुसऱ्या हाताने त्यांचं कोपर धरलं. तीन विरुद्ध दोन. ठराव मंजूर. निखिलने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

अण्णा नळाकडे वळले, आणि प्रवीणभाई खुर्ची पाडून धावले. थेट पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून तो धरून उभे राहिले. "बस करो! हा डोसो, हा म्हातारा मरशे तो पाप मने लागशे!"

"प्रवीणभाई, पाणी बंद करणं ही जबरदस्ती आहे."

"अण्णा, हाथ जोडूं छूं."

"सोडा."

प्रवीणभाईंनी व्हॉल्व्ह सोडला. तिसरी आंघोळ झाली. प्रवीणभाई आपली शाल दोन्ही हातांवर घेऊन नळाशेजारी उभे होते, पण अण्णांनी ती घेतली नाही. ओल्या अंगाला परक्याचं वस्त्र चालत नाही म्हणाले, आणि भिंतीला धरून जिना चढू लागले.

ठरावावर त्यांची सही राहिली होती. सोमवारच्या आत कागद मालकाला द्यायचा होता, म्हणून मी कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून मागोमाग गेले. भावेश माझ्या पुढे होता. म्हातारा पडेल या भीतीने तो त्यांच्या दोन पायऱ्या मागून चढत होता.

अण्णा घरी एकटे असतात. मालतीकाकू जाऊन काही वर्षं झाली. मुलगी सुरतेला असते. त्यांच्या दारासमोर बाहेरच उंच दोरी आहे आणि तिच्यावर सोवळ्याचं धोतर वाळत असतं, धुतल्यानंतर कुणाचा हात न लागलेलं. आंघोळ करून आलं की अण्णा काठीने ते खाली ओढतात आणि तेच नेसतात.

त्या दिवशी काठी हातात ठरेना. एकदा पडली. उचलली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडल्यावर भावेशने काही विचार न करता हात वर केला, धोतर खाली ओढलं आणि दोन्ही हातांवर पसरून त्यांच्यापुढे धरलं.

अण्णा धोतराकडे बघत राहिले. "बाटलं ते," ते हळूच म्हणाले.

भावेशच्या लक्षात आलं. त्याचा चेहरा उतरला. ते पुन्हा दोरीवर टाकावं की खाली ठेवावं हे त्याला कळेना, आणि तो तसाच उभा राहिला.

"नको, असू दे," अण्णा म्हणाले. "धर. जरा वर धर. आणि मान तिकडे कर, भिंतीकडे. मालती तशीच उभी राहायची. मान वळवून. आणि बडबडायची, 'झालं का मत देऊन, कोण सुखी झालं आज?' तू बडबडलास तरी चालेल."

भावेश भिंतीकडे बघत उभा राहिला. त्याला बडबडता येईना. शेवटी म्हणाला, "काका, रात्री हळदीचं दूध घ्या. आणि छातीला काहीतरी चोळा."

"हां. असंच काहीतरी म्हणायची." अण्णांनी धोतर घेतलं.

मी जिन्याच्या वळणावरच थांबले होते. धोतर नेसून झाल्यावर पुढे झाले, सही घेतली. सही वाकडी आली.

"अण्णा, बाटलेलं धोतर नेसलात. याला काय प्रायश्चित्त?"

"उद्या बघतो," अण्णा म्हणाले. एवढ्या वर्षांत प्रायश्चित्त दुसऱ्या दिवसावर टाकताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

निखिल आणि भावेश महिन्याभरात राहायला आले. अण्णांचं मत अजून जिथल्या तिथे आहे. ते त्यांच्या घरात पाऊल टाकत नाहीत आणि त्यांना आपल्या घरात बोलावत नाहीत. दोन दारांच्या मधल्या जागेत मात्र बोलणं चालू असतं, कारण ती जागा, अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे, सोसायटीची आहे. भावेश दुकान बंद करून आला की "केम छो काका" म्हणतो, अण्णा "पापी माणसा, जेवलास का?" असं विचारतात. प्रवीणभाईंनी पहिला आठवडा तिकडे पाहिलं नाही. मग नव्या घराचं नळाचं सामान आपल्याच दुकानातून घ्या म्हणाले.

अडचण वेगळीच आहे. ज्या माणसाने जन्मभर कमीत कमी सभा, कमीत कमी नियम असा धोशा लावला, तो माणूस आता दर दोन दिवसांनी माझी बेल वाजवतो.

"सेक्रेटरीबाई, सभा कधी?"

"विषय नाही, अण्णा."

"नाही कसा? एवढी मोठी सोसायटी."

मी मागच्या महिन्यात एक सभा घेतली. विषय, कबुतरांसाठी जाळी. अण्णांनी बाजूने मत दिलं आणि नळाकडे पाहिलं. कबुतरांच्या जाळीत पाप कुठून आणायचं? ते कोरडेच वर गेले. मागून मी वर्गणीची पावती द्यायला गेले, तर भावेश सभा आहे म्हणून दुकानातून लवकर आलेला, दोरीखाली धोतर हातांवर घेऊन, मान भिंतीकडे वळवून उभा. अण्णा म्हणाले, "आज नाही रे. आज काही झालंच नाही." दोघंही थोडा वेळ तिथेच उभे राहिले.

पुढच्या रविवारी सभा आहे. नोटीस मी फळ्यावर लावली आहे. तारीख लिहिली, वेळ लिहिली, 'पाणी जाण्यापूर्वी' हेही लिहिलं. भावेश त्या दिवशी लवकर येणार आहे. शिर्के, जयश्रीबेन, इतकंच काय प्रवीणभाईंनाही विचारून झालं. अण्णांना पाप वाटेल आणि बाकी कुणाला त्रास होणार नाही, असा विषय अजून कुणाला सुचलेला नाही. ती ओळ रिकामी आहे.